आधी गाव, मग शाळा

माझे आजोबा सोळाव्या वर्षी मुंबईला गेले. दाभोळला बोटीत बसायचं आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचं, एवढंच त्यांना सांगितलेलं. धक्क्यावर वाडीतला एक जण न्यायला उभा होता. तो त्यांना थेट परळला, गाववाल्यांच्या खोलीवर घेऊन गेला. दहा बाय बाराची खोली, राहणारी माणसं पंचवीसच्या घरात, गिरणीच्या पाळ्या सांभाळून आळीपाळीनं झोपणारी. भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर, खाली पत्र्याच्या ट्रंका, दोरीवर वाळणारे पंचे. महिन्याची वर्गणी ठरलेली, खानावळ ठरलेली. नवा पोरगा आला की पहिला पगार होईपर्यंत त्याच्या जेवणाचे पैसे खोली भरायची. पोरगा बिघडतोय असं वाटलं तर खोलीतला वडीलधारा दम द्यायचा, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर गावी पत्र जायचं.

कोकणातल्या बहुतेक घरांच्या आठवणीत अशी एक खोली आहे. तिची गोष्ट मी आधी सांगितली, कारण पुढचा विषय तिच्यामुळे सोपा होतो. घरापासून तुटलेली, परक्या भाषेत येऊन पडलेली बारा ते अठरा वर्षांची मुलं जिथे राहतात आणि शिकतात, ती निवासी शाळा चालते कशी? आणि बाहेरच्या माणसांनी तिला आधार द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आजोबा परळला पोचायच्या आधी त्यांचं गाव तिथे पोचलेलं होतं. चांगली निवासी शाळा मुलासाठी हेच करते. मुलगा यायच्या आधी ती गाव होऊन बसलेली असते.

आपल्याकडे कोण येतं

कोकणी माणसाला ‘स्थलांतर’ म्हटलं की चाकरमानी आठवतो, म्हणजे इथून जाणारा. पण गेली कित्येक वर्षं इथे येणारीही माणसं आहेत. दसैं आणि तिहार, म्हणजे आपला दसरा-दिवाळी, उरकून नेपाळी कुटुंबं रत्नागिरी-देवगडकडच्या कलमांच्या बागांत राखणीला येतात. मोहोर येण्याआधी ती बागेतल्या खोपीत मुक्कामाला असतात आणि आंबा उतरून पाऊस तोंडावर आला की परततात. हर्णै, मिरकरवाडा इथल्या बोटींवर नेपाळी खलाशी आहेत. चिरेखाणींवर कर्नाटकातली कुटुंबं आहेत. आणि आपल्याच मातीतली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळसाभट्ट्यांवर बिऱ्हाड हलवतात.

या सगळ्यांच्या मुलांचं वर्ष आणि शाळेचं वर्ष एकमेकांना कधी भेटतच नाही. शाळा जूनमध्ये भरते. बागेतल्या मुलाचं वर्ष कार्तिकात सुरू होतं. तो येतो तेव्हा पहिलं सत्र संपलेलं असतं आणि जूनमध्ये शाळा पुन्हा भरते तेव्हा तो निघून गेलेला असतो. सात वर्षांचं पोर यातूनही काहीतरी शिकतं, कारण पहिली-दुसरीत बोट धरून अक्षर गिरवता येतं. तेराव्या वर्षी समीकरणं मधूनच धरता येत नाहीत. त्यातच तेराव्या वर्षाचे हात बागेत उपयोगाला येतात. मुलगा एक दिवस शाळेत जात नाही, मग आठवडाभर जात नाही, आणि मग तो शाळेत होता हेच सगळे विसरतात. मुलगी असेल तर धाकट्या भावंडांना सांभाळण्यापासून सुरुवात होते आणि कधीकधी लवकरच्या लग्नात शेवट होतो.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे. जन्मदाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, वयानुसार वर्गात बसवून मागे राहिलेलं भरून काढण्याची सोय करायची, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण चौदावं वर्ष संपलं आणि आठवी झाली की हे छत्र संपतं. ज्या वयात मूल सगळ्यात जास्त डगमगतं, नेमकं त्याच वयात कायद्याचा हात सुटतो.

अशा मुलांना ‘धोक्यातली मुलं’ म्हणतात. शब्द ऐकून मूलच धोकादायक आहे असा समज होतो, म्हणून थोडं थांबून सांगते. धोका त्याच्या परिस्थितीत असतो: आई किंवा बाप नाही, घरात दारू आणि मारहाण आहे, वस्ती दर सहा महिन्यांनी हलते, भाषा कळत नाही, कागद नाहीत. अशा घरातून आलेला मुलगा वर्गात चिडतो, खोटं बोलतो, ताटातली चपाती खिशात लपवतो. हे वागणं त्यानं कुठेतरी जगण्यासाठी शिकलेलं असतं. कालपर्यंत त्याला त्याचा उपयोग होता. आज नाही, एवढं त्याच्या अजून लक्षात आलेलं नसतं.

गावासारखी शाळा

अशा मुलांसाठी शाळेभोवती अख्खं गाव उभं करायचं, ही कल्पना सगळ्यात नेटानं राबवली गेली ती आजच्या इस्रायलमध्ये. हिब्रूत तिला ‘कफर नोअर’ म्हणतात, म्हणजे युवाग्राम. झिगफ्रीड लेमान या डॉक्टरांनी १९२७ साली बेन शेमेन इथे असं गाव वसवलं. १९३२ मध्ये बर्लिनमधल्या रेखा फ्रायर यांच्याकडे काही बेकार ज्यू मुलं काम मागायला आली. जर्मनीत या मुलांना पुढे जागा नाही हे त्या बाईंनी ओळखलं आणि त्या वर्षी पहिली तुकडी बेन शेमेनला पाठवली. पुढे ३० जानेवारी १९३३ ला त्यांची संस्था रीतसर स्थापन झाली, आणि त्याच दिवशी हिटलर चॅन्सेलर झाला. जेरुसलेममध्ये या मुलांची व्यवस्था बघितली हेन्रिएटा झोल्ड यांनी, सत्तरी ओलांडल्यावर. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच हजारो मुलं अशी आई-बापांशिवाय येऊन पोचली. त्यातल्या पुष्कळांचे आई-बाप नंतर कधीच भेटले नाहीत.

कार्मेल डोंगरावरचं येमिन ऑर्ड हे १९५३ साली सुरू झालेलं असंच गाव. सुरुवातीला ते नाझींच्या संहारातून वाचलेल्या अनाथ मुलांसाठी आणि नव्यानं देशात आलेल्या मुलांसाठी होतं. पुढे इथिओपियातून, जुन्या सोव्हिएत देशांतून मुलं आली. डिसेंबर २०१० मध्ये कार्मेलच्या जंगलाला लागलेल्या वणव्यात या गावाचा मोठा भाग जळाला आणि तो पुन्हा बांधला गेला. याच धर्तीवर अ‍ॅन हेमन या बाईंनी २००८ साली रवांडात अगाहोझो-शालोम सुरू केलं. १९९४ च्या वंशसंहारानंतर तिथे अनाथ मुलांची संख्या प्रचंड होती. ‘अगाहोझो’ म्हणजे जिथे अश्रू पुसले जातात ती जागा. तिथे मुलं घरांत विभागून राहतात आणि प्रत्येक घराला एक ‘मामा’ असते. आपला मामा नव्हे, तिथल्या भाषेत आई.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर साताऱ्याकडे बघा. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवणार, हा तिथला पहिला धडा होता. वसतिगृहाची भूक भागवायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्रसुद्धा गेलं. १९२७ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. आणि आमच्या दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी! अमळनेरला छात्रालय सांभाळताना ते मुलांच्या विस्कटलेल्या खोल्या स्वतः आवरून ठेवायचे, एक शब्द न बोलता. मुलं खेळून परत आली की कपड्यांच्या घड्या घातलेल्या दिसायच्या. या विषयावर मोठमोठ्या ग्रंथांत जे लिहिलेलं आहे ते त्या घड्यांत होतं.

आत काय चालतं

इमारत, पलंग, ताट-वाटी या गोष्टी लागतातच. पण मूल सावरतं ते माणसामुळे, आणि तेही टिकून राहणाऱ्या माणसामुळे. हवाई बेटांपैकी काउआई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा अभ्यास एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे चाळीस वर्षं केला. गरिबी, भांडणं, आजारपण अशा अनेक संकटांत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली सावरली, कर्ती झाली. त्यांच्यात वारंवार आढळलेली गोष्ट अशी की त्यांच्या आयुष्यात निदान एक मोठं माणूस पाय रोवून उभं होतं. ते आई-वडीलच असायला हवेत असं नव्हतं. आजी होती, शेजारीण होती, शाळेतल्या बाई होत्या.

म्हणून युवाग्रामात शिक्षक आणि काळजीवाहक आपल्या बायकापोरांसह त्याच आवारात राहतात. मुलाला रात्री दहाला शिक्षकाच्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू येते, नवरा-बायकोचं साधं भांडण आणि नंतरचं हसणं ऐकू येतं. मारहाणीवाचूनही भांडण मिटतं हे ज्यानं कधी पाहिलेलंच नाही, त्याला हे दुसरं कुठे दिसणार?

सगळ्यात कठीण वेळ रात्रीची. दिवसभर शाळा, मैदान, घंटा असते. नऊनंतर दिवे मालवले की घर आठवतं. मी गेली तीन वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या तालुक्यातल्या एका वसतिगृहात गणित शिकवायला जाते. तिथल्या अधीक्षिका ताई सांगतात की मुलं त्यांना खरं जे काही सांगतात ते झोपायच्या आधीच्या पंधरा मिनिटांत, दाराच्या चौकटीत उभं राहून, दुसरीकडे बघत. त्या वेळी ताई फोनवर असल्या किंवा रजिस्टर भरत बसल्या तर ती पंधरा मिनिटं गेलीच. म्हणून त्यांनी रजिस्टर पहाटेवर टाकलंय.

येमिन ऑर्ड जवळपास तीस वर्षं चालवलेल्या हाइम पेरी यांची एक कल्पना मला फार पटते, कारण ती कोकणी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. ते म्हणतात, मुलाला दोन नांगर लागतात, एक भूतकाळात आणि एक भविष्यात. खाडीत भरती-ओहोटीच्या ओढीत होडी एकाच नांगरावर सोडली की ती गरगर फिरते. पुढून आणि मागून, दोन्हीकडून बांधली की जागेवर राहते.

मागचा नांगर म्हणजे मुलाची भाषा, त्याचं जेवण, सण, आजीची गोष्ट. हा कापला की मूल लवकर ‘आपलं’ होईल असं पुष्कळ भल्या माणसांना वाटतं. तसं होत नाही. मराठी शिकवायचीच, पण नेपाळीची लाज वाटायला लावून नव्हे. आमच्या वसतिगृहात एक मुलगा मोठ्या मुलाला ‘दाइ’ म्हणायचा आणि सगळे हसायचे, कारण आपल्याकडे दाई म्हणजे बाळंतपण करणारी बाई. ताईंनी फळ्यावर लिहिलं: नेपाळी दाइ म्हणजे मराठी दादा. खाली कातकरी मुलींना त्यांचा शब्द लिहायला सांगितला, मग कानडी मुलाला ‘अण्णा’. फळा भरला. त्या दिवसापासून तो मुलगा शब्दांचा मास्तर झाला.

भाषेचा नांगर किती खोल जातो याचा दाखला आपल्या किनाऱ्यावरच आहे. अलिबाग, रेवदंडा, पेणकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, ज्यांना गावात ‘शनिवार तेली’ म्हणायचे, ते १९४८ नंतर मोठ्या संख्येनं इस्रायलला गेले. नागावकर, पेणकर, दिवेकर ही आडनावं घेऊन गेले. तिथे त्यांनाही परकेपण सोसावं लागलं. आपल्याला पूर्ण ज्यू मानावं, लग्नांना आडकाठी करू नये, यासाठी १९६० च्या दशकात त्यांना आंदोलन करावं लागलं. तरी त्यांनी तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी मासिक चालवलं. हिब्रू शिकायला मराठी विसरावी लागली नाही.

पुढचा नांगर म्हणजे ‘मोठेपणी मी इथे असेन’ असं डोळ्यांपुढे दिसणं. ज्या मुलानं घरात फक्त पुढच्या आठवड्याची चिंता पाहिली आहे, त्याला पाच वर्षांनंतरचा स्वतः दिसतच नाही. भाषणांनी तो दिसत नाही. त्याच्यासारख्याच घरातून येऊन आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालेला मुलगा रविवारी येतो, बोटीच्या इंजिनाविषयी बोलतो, आपला पगार सांगतो, तेव्हा दिसतो. मुलांच्या हाती खरं काम देणं हाही त्याच नांगराचा भाग. भाऊरावांची ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्यातूनच आली. मात्र कामानंतर मुलाच्या हातात कौशल्य आणि मान उरला पाहिजे. संस्थेचा मजुरीचा खर्च वाचवण्यासाठी मुलांना राबवणं ही वेगळी आणि वाईट गोष्ट.

आणि मुलांचं म्हणणं. वॉर्सामधल्या आपल्या अनाथाश्रमात यानुश कोर्चाक या डॉक्टरांनी मुलांचं न्यायालय चालवलं होतं. मूल मोठ्या माणसावरही तक्रार करू शकत असे, आणि खुद्द डॉक्टरांवर खटले झाले. त्या न्यायालयाचा कल शिक्षेपेक्षा माफीकडे होता. आपल्याकडे एवढं नको, मेसमध्ये आठवड्याचं जेवण ठरवताना मुलांची समिती बसली तरी फरक पडतो.

हीच गोष्ट उलटली की

निवासी शाळा हे धारदार हत्यार आहे. कॅनडात १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकापर्यंत आदिवासी मुलांना घरातून काढून निवासी शाळांत घातलं गेलं, सुमारे १,५०,००० मुलांना. मातृभाषा बोललं की शिक्षा. कित्येक मुलं तिथेच मेली. २०१५ साली तिथल्या सत्यशोधन आयोगानं याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं. पलंग, ताट, वर्ग, घंटा तिथेही होतंच. हेतू मागचा नांगर कापायचा होता.

इस्रायलचंही सगळं चांगलंच होतं असं नाही. इथिओपियातून मोठ्या संख्येनं ज्यू कुटुंबं आली, १९९१ च्या मे महिन्यात तर दीड दिवसात चौदा हजारांवर माणसं विमानांनी आणली गेली. त्या काळात किशोरवयीन मुलांपैकी बहुतेकांना सरसकट निवासी शाळांत पाठवलं. आई-बाप नव्या देशात गोंधळलेले, मुलं भाषा शिकून पुढे गेलेली, आणि घरात वडिलांचा शब्द हरवलेला. ज्यांना घर होतं त्यांनाही वसतिगृह दिलं, ही चूक होती असं माझं मत आहे.

आपला बालन्याय कायदा (२०१५) याबाबतीत शहाणा आहे. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आधी कुटुंब, हे त्याचं तत्त्व. म्हणून कुठलंही मूल वसतिगृहात घालायच्या आधी विचारायचा प्रश्न असा: थोडी मदत मिळाली तर ते घरी राहील का? एकल पालक असलेल्या किंवा पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपयांची. केंद्राच्या मिशन वात्सल्य या योजनेत प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल घरीच राहावं म्हणून दिले जाणारे, महिन्याला ४,००० रुपये आहेत. हंगामात गाव सोडणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे, म्हणजे मूल आजी-आजोबांच्या गावातच राहतं आणि शाळा सुटत नाही. आपल्या ओळखीतल्या कातकरी वाडीवर ही माहिती पोचवणं हाच कधीकधी सगळ्यात मोठा आधार असतो. आणि ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी तर बोर्डी-कोसबाडला शाळाच मुलांच्या मागे रानात नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली.

तरीही काही मुलं उरतात. घर नसलेली, घरात धोका असलेली, किंवा अशा वयात आणि इयत्तेत पोचलेली की बागेतल्या खोपीतून दहावी होणं शक्य नाही. निवासी शाळा त्यांच्यासाठी.

आधार म्हणजे काय करायचं

बहुतेक लोक वाढदिवसाला येतात. केक, फुगे, वह्यांचं वाटप, रांगेत उभी मुलं, फोटो. मनात माया असते, यात शंका नाही. पण ज्या मुलाच्या आयुष्यातून माणसं सतत निघून गेली आहेत त्याला आणखी एक येऊन जाणारं माणूस मिळतं. शिवाय काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं काही प्रसिद्ध करायला बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नं मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मोबाइलवर टाकलेला फोटोसुद्धा ‘प्रसिद्ध’च असतो.

पैसे द्यायचे तर न दिसणाऱ्या गोष्टींना द्यावेत. काळजी घेणाऱ्या ताईला पुरेसा पगार मिळाला तर ती दोन वर्षांत सोडून जाणार नाही. तिला आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून बदली बाईचं मानधन द्यावं. ही दोनच कामं कुणी नेमानं केली तरी मी त्याला मोठा आधारकर्ता म्हणेन, कारण माणूस टिकलं तर बाकी सगळं टिकतं. त्यानंतर चष्मे, दातांचा डॉक्टर, मुलींसाठी पॅड, पावसाळ्यात चार-चार दिवस वीज जाते म्हणून इन्व्हर्टर, आणि सुट्टीत घरी जायचं एसटीचं भाडं. वह्या आमच्याकडे कपाटभर पडून आहेत.

वेळ द्यायचा तर ठरलेला वार धरावा आणि तो चुकवू नये. मी जायला लागले तेव्हा नववीतला एक मुलगा चार महिने माझ्याशी गणितापलीकडे एक शब्द बोलला नाही. निघताना फक्त विचारायचा, ‘पुढच्या गुरुवारी येणार?’ मी म्हणायचे, येणार. पाचव्या महिन्यात एका गुरुवारी मला ताप होता म्हणून मी ताईंच्या फोनवर फोन करून त्यालाच सांगितलं, आज येत नाही, पुढच्या वेळी नक्की. त्यानंतरच्या गुरुवारी त्यानं मला पहिल्यांदा त्याच्या आईबद्दल सांगितलं. काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही.

स्वयंसेवक म्हणून जाताना पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी मागितली तर राग मानू नये. संस्था ते मागत नसेल तर उलट काळजी करावी. एका मुलासोबत बंद खोलीत एकटं बसू नये. मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानं (२०१२) ते कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘संस्थेचं नाव खराब होईल’ हे कारण तिथे चालत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मुलांना पाठ असायला हवा आणि फोन त्यांच्या हाताला लागेल अशा जागी हवा.

कागदपत्रांचं काम कुणालाच आवडत नाही, म्हणून ते करणारा माणूस सोन्यासारखा. जुन्या शाळेचा दाखला आणणं, तहसील कार्यालयात दोन-दोन तास बसणं, जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या गावातली नोंद शोधणं. शाळा मध्येच सुटलेल्यांसाठी दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म असतो, त्याची तारीख लक्षात ठेवणारं कुणी हवं. अधीक्षिका ताईंकडे पन्नास मुलं आहेत. निवृत्त झालेल्या लिपिक मंडळींनी आठवड्यातून एक सकाळ दिली तर किती मुलांचं वर्ष वाचेल!

आणि अठरावं वर्ष. बालगृहातल्या मुलासाठी हा वाढदिवस भीतीचा असतो, कारण त्या दिवशी छप्पर जाऊ शकतं. कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि खास परिस्थितीत तेविसाव्यापर्यंत, अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. पण घर म्हणजे नुसती तरतूद नव्हे. नोकरी सुटली, ताप आला, लग्न ठरलं, तर फोन कुणाला करायचा? आपल्या मुलांना आपण अठराव्या वर्षी सोडत नाही. खोली भाड्यानं घेताना ओळख म्हणून सही करणारा, पहिल्या पगाराआधीचा महिना निभावून नेणारा कुणी लागतोच. परळच्या खोलीत हे आपोआप होत होतं.

राहिला गणपती. कोकणात त्या दिवसांत सगळे घरी जातात, मुंबईहून गाड्या भरून येतात, आणि वसतिगृहात पाच-सहा मुलं उरतात ज्यांना जायला जागा नसते. आमच्या वाडीतल्या दोघा-तिघांना वाटलं की त्यांना आपापल्या घरी न्यावं. ताईंनी सांगितलं की बालकल्याण समितीकडून, म्हणजे मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवणाऱ्या सरकारी समितीकडून, आलेल्या मुलांना तिच्या परवानगीशिवाय असं कुणाच्या घरी पाठवता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग आम्ही उलट केलं. संध्याकाळची घरची आरती आटोपली की वाडीतली माणसं झांजा घेऊन वसतिगृहावर जायला लागली. पहिल्या वर्षी मुलं भिंतीला टेकून बघत राहिली. दुसऱ्या वर्षी ढोलकी त्यांच्याकडे गेली.

तिथल्या नेपाळी मुलीचे वडील बोटीवर खलाशी आहेत. ऑगस्टला बोटी सुटल्या की ते समुद्रावर असतात. गेल्या वर्षी आमच्या मोदकांच्या ताटाशेजारी तिनं सेल रोटी ठेवली, तांदळाच्या पिठाची, तळलेल्या कड्यासारखी गोल. तिच्या आईची रीत ताईंच्या स्वयंपाकघरात तिनं आठवून आठवून जमवली होती. पहिल्या दोन तुटल्या होत्या, त्या तिनं खाली लपवल्या होत्या. आमच्या काकूंनी नेमकी तुटलेलीच उचलली आणि कृती विचारली. तांदूळ आदल्या रात्री भिजवायचे, असं तिनं सांगितलं, आणि मग काकूंना विचारलं, ‘उद्या किती जण येणार? आत्ताच भिजवायला हवेत.’